टाळ्यावाली

नव्या डायरेक्टरने ‘गिरणीवाल्याची लेक’ हा जुना बॅले पुन्हा बसवला आणि त्यातली गिरणीच काढून टाकली. पूर्वी पडदा वर गेला की डाव्या बाजूला मोठं लाकडी चाक फिरत असायचं, पिठाची पोती रचलेली असायची, आणि त्या पोत्यांमागून मुलगी पहिली उडी मारून यायची. आता तिथे स्टीलची स्टुलं आहेत. मी मॅनेजरला विचारलं, अहो, गिरणी कुठे गेली? तर म्हणाला, ‘साहेबांचं म्हणणं आहे, गिरणी प्रेक्षकांच्या मनात असते.’ माझ्या मनात गिरणी नव्हती. साहेबांच्या पाठीत घालायला त्यातलं एखादं स्टूल मिळेल का, एवढंच होतं.

हा माणूस तरुणपणी स्वतः नाचायचा. मी पाहिलाय. गोल फिरायला लागला की कुठे तोंड करून थांबेल ते त्यालाही ठाऊक नसायचं, आणि दर खेळानंतर फळ्यांना कुणीतरी तेल लावलंय अशी तक्रार असायची. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण इतक्या प्रामाणिकपणे जगलेला माणूस मला दुसरा भेटलेला नाही. अशांना मग डायरेक्टर करतात. पुढच्या सीझनचं त्याने जाहीर केलंय: एक बॅले संगीताशिवाय होणार आणि एक जवळजवळ अंधारात. अंधारातला मला चालेल. त्याचं काम जितकं कमी दिसेल तितकं बरं.

मी कोण हे सांगायचं राहिलं. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, मी दात बसवून परत पाठवते. आणि संध्याकाळी थिएटरात टाळ्या वाजवते. हसू नका, आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. बाल्कनीतली एक रांग थिएटर फुकट देतं, त्या रांगेत आमची टोळी बसते, आणि कुठे टाळी पडायला हवी तिथे ती पाडते. कारण प्रेक्षकांना काही कळत नसतं. मेंढरं असतात, एकाने मान हलवली की सगळ्यांच्या माना हलतात. अवघड उडी आली तर ते गप्प बसतात आणि कपडे चमकले की वाजवतात. म्हणून सुरुवात आम्ही करून द्यायची. टोळीची मी म्होरकी. माझे हात मांडीवरून उठले की त्यांचे उठतात, माझे थांबले की त्यांचे थांबतात. त्यांच्यात एक आहे, त्याला मी ढोल्या म्हणते. त्याचे तळवे फळ्यांसारखे वाजतात. बॅलेतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण माझ्या हातांवरची नजर तो कधी ढळू देत नाही.

इतकी वर्षं मी कुणाकुणासाठी वाजवलंय हे आठवलं तरी लाज वाटते. आमची महाराणी घ्या. मुख्य नर्तकी, पोस्टरवर तोंड तिचंच. तिची उडी आता उडी राहिलेली नाही, अंधारात पायरी चुकल्यासारखी दिसते. पण उतरल्यावर ती दोन्ही हात असे पसरते की जणू आत्ताच आभाळातून आली. मग मी वाजवते. तिला उचलणारा नर्तक म्हणजे खांब. त्याला काही येत नाही. फक्त हलत नाही, आणि उचलणाऱ्याकडून लोकांची अपेक्षा तेवढीच असते. पेपरात दर सोमवारी यांच्यावर जो लिहितो त्याचं तर बोलूच नका. उचलली जीभ लावली टाळूला. एकदा मध्यंतरात घरी गेला होता आणि तिसऱ्या अंकाची स्तुती छापून मोकळा झाला.

कुणी विचारतं, एवढा तिरस्कार आहे तर जाता कशाला? कारण मला बॅले आवडतो. आवडतो म्हणूनच यांना बघवत नाही.

आता खारू. माझ्या दादाची मुलगी. लहानपणी सोफ्यावरून कपाटावर चढायची म्हणून हे नाव पडलं. तिला पहिल्यांदा थिएटरात मीच नेलं, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल वहिनी मलाच धरते. खारू शिकली, थिएटरात लागली, आणि मागच्या ओळीत जी उभी राहिली ती राहिलीच. वहिनीला बॅलेतलं एवढंच कळतं की आपली पोरगी कितवी आहे. दर खेळाला थर्मासमधून कॉफी घेऊन येते आणि खारू दिसली की शेजारच्याला कोपर मारून सांगते, ‘ती आमची.’ एकदा ती भलत्याच मुलीकडे बोट दाखवून अर्धा अंक कौतुक करत होती. तिचं तरी काय चुकलं? सगळ्यांचे केस सारखे, झगे सारखे. जन्मदात्या आईला पोर ओळखू येऊ नये, हेच मागच्या ओळीचं काम.

प्रत्येक नव्या बॅलेनंतर खारू माझ्याकडे यायची आणि विचारायची, ‘आत्या, कसं झालं?’ मी सांगायची. जग म्हणतं आपला तो बाळ्या. मी आमच्या कार्टीला कार्टीच म्हणायची. तुझे हात म्हणजे दोरीवर वाळत घातलेल्या बाह्या. तू संगीत ऐकत नाहीस, मोजतेस. तुझ्यापेक्षा ते स्टूल जास्त लवचीक आहे. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन तेवढंच घोटत बसायची. पालथ्या घड्यावर पाणी, मी म्हणायची. तिला सगळं येत होतं आणि त्यात काहीच नव्हतं. माझं मत होतं ते असं.

या वर्षी सीझन संपता संपता महाराणीचा गुडघा गेला. तिची बदली नर्तकी आधीच दुसऱ्या थिएटरात पळालेली. शनिवार-रविवारचे खेळ विकले गेलेले. संध्याकाळसाठी बाहेरून एक पाहुणी बोलावली, पण दुपारच्या खेळाला तिला आणणं परवडेना. रविवारची दुपार खारूला मिळाली. ‘गिरणीवाल्याची लेक’, मुख्य भूमिका, एकदाच.

ही बातमी घेऊन वहिनी माझ्या घरी आली ती चप्पल न काढताच.

‘वन्सं, डायरेक्टर स्वतः बसणार आहे बघायला,’ ती म्हणाली. ‘पुढच्या सीझनचे करार या महिन्यात व्हायचेत. तिशी उलटलेल्या मागच्या ओळीतल्या कुणालाच ठेवत नाहीयेत. तुम्हाला माहितीये ना तिचं वय?’

‘बारशाला मी होते वहिनी.’

‘मग? रविवारी चमकली तर राहील, नाहीतर संपलं. तुमच्या लोकांना सांगा जरा मनापासून वाजवायला.’

‘मनापासून? ती टोळी आहे, भजनी मंडळ नाही.’

‘मग बिनमनाने वाजवा. पण जोरात वाजवा!’

मी सांगितलं की महाराणीसाठी वाजवते ते काम म्हणून. घरच्या पोरीसाठी वाजवलं तर ती भीक होईल. वहिनी म्हणाली, भीक तर भीक, पोट तर भरेल. मग रडली, मग कॉफी पिऊन गेली.

खारू स्वतः आली ती शुक्रवारी, माझ्या कामाच्या जागी. मी एका वरच्या कवळीचे सुळे घासत होते. ती स्टुलावर बसली, टेबलावरचे प्लॅस्टरचे जबडे एका रांगेत लावले, पुन्हा मोडले.

‘आईने तुला काय सांगितलं ते कळलं मला,’ ती म्हणाली. ‘आत्या, तू वाजवू नकोस. टोळीलाही सांग. रविवारी एकही टाळी तुमची नको.’

‘का?’

‘मला बघायचंय, मिळतात का.’

‘नाही मिळाल्या तर?’

‘तर नाही मिळाल्या. सुट्टी होईल माझी. पण जे होईल ते माझं असू दे.’

मला हे आवडलं. पण आवडलं असं म्हणायची सवय नाही, म्हणून मी म्हटलं, ‘काळजी करू नकोस. वाजवण्यासारखं तू काही करशील असं मला वाटत नाही.’

ती हसली. ‘वचन?’

‘वचन.’

रविवारी टोळी आली, फुकटची जागा कोण सोडतो? मी सगळ्यांना बजावलं, आज काम नाही. ढोल्या गोंधळला. ‘मग आम्ही करायचं काय?’ मी म्हटलं, ‘बघा. कधी बघितलाय का बॅले?’ त्याने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितलं.

दुपारचा प्रेक्षक म्हणजे घरी झोप न येणारे लोक. कुणी चॉकलेटचे कागद उलगडतंय, कुणी आजीला गोष्ट समजावतंय, ‘ही ती मुलगी, ही तिची मैत्रीण, हे स्टूल म्हणजे गिरणी.’ खाली उजवीकडच्या बॉक्समध्ये डायरेक्टर, हनुवटीखाली बोट धरून. वहिनी आणि दादा पुढून चौथ्या रांगेत. वहिनीने थर्मास मांडीवर असा धरला होता की जणू तोच नाचणार आहे.

पहिल्या अंकात खारू जशी होती तशीच होती. उड्या उंच, पावलं स्वच्छ, हात दोरीवरचे. टाळ्या पडल्या त्या शिष्टाचाराच्या. मी माझे हात मांडीखाली दाबून बसले होते आणि मनात म्हणत होते, बघ, सांगितलं होतं ना.

दुसऱ्या अंकात काहीतरी झालं. काय ते मला नीट सांगता यायचं नाही, आणि मला सांगता येत नाही असं फारसं होत नाही. मुलीचं लग्न ठरतं, ती मैत्रिणींना सांगायला जाते, तो भाग. खारू मोजत नव्हती. मी तिच्या ओठांकडे बघत होते, कारण मोजताना तिचे ओठ किंचित हलतात. ओठ स्थिर होते. मी चुका शोधायला लागले. सापडल्याही एक-दोन, पण त्या शोधताना माझं बघायचं राहून जातंय असं वाटायला लागलं, आणि मग मी शोधणं सोडलं.

तिसऱ्या अंकात एक जागा आहे. लग्न होऊन पाहुणे गेलेत, मुलगी एकटी राहिलीय. ती एका पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभी राहते, आणि सगळा वाद्यवृंद थांबतो. फक्त एक बासरी. तीही इतकी हळू की स्टेजवर जेमतेम पोचते. बासरीचा शेवटचा सूर खाली आला की मुलीने सुटायचं, तिरपं धावायचं आणि उडी घ्यायची. त्याच सुरावर तिकडून नवरा, म्हणजे आमचा खांब, वळतो आणि तिला हवेत झेलतो. दोघं एकमेकांना बघत नसतात. दोघांना फक्त बासरी जोडते. महाराणी इथे नेहमी फसवायची, सूर संपायच्या आधीच पळायची. तोल राहत नव्हता ना.

खारू उभी राहिली. थरथर नाही, काही नाही. आणि मग तिने मान खाली घातली, हळूच एका बाजूला कलती केली. कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारतंय की काय, असं ऐकणाऱ्या माणसाची मान होती ती. हे बसवलेलं नाही. इतक्या वर्षांत या जागी हे कुणी केलेलं नाही. स्टीलची स्टुलं होती आणि मला गिरणी दिसली. चाक थांबलंय, घर रिकामं झालंय, आणि उद्यापासून आपण इथे नसणार हे या पोरीला आत्ता, या क्षणी कळलंय. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. ही आमची खारू, हे मी तिला करताना पाहिलं, मी जिवंत असताना पाहिलं.

आणि मी टाळी वाजवली.

मला कळलंही नाही. आवाज कानावर आला तेव्हा वाटलं, कोण मूर्ख आहे हा? माझ्याच हातांकडे नजर गेली. पण ढोल्याची नजर तिथे आधीच होती. सवय. त्याच्या फळ्या वाजल्या, मग सगळी रांग, मग बाल्कनी, मग खालची मेंढरं, थिएटर दणाणलं. मी हात आवळून धरले, ‘थांबा, थांबा’ म्हणाले. टोळी थांबली. पण थिएटर आता आमचं ऐकत नव्हतं. लोक खरोखर वाजवत होते.

बासरी ऐकू येईना. वाजवणारा वाजवत असणार, गाल फुगलेले दिसत होते. खारू अंगठ्यावर उभी, मान तशीच कलती, ऐकतेय. किती वेळ उभी राहिली पोर! कुणी महाराणी असती तर कधीच पळाली असती. खारू खरा सूर यायची वाट बघत होती. तो खाली येऊन गेला होता. वादकापासून दोन हातांवर असलेल्या खांबाला तो ऐकू गेला. तो वळला, हात पुढे केले, झेलायला कुणी नाही म्हणून ते खाली घेतले आणि पुढच्या जागी निघून गेला. मग खारू धावली. उडी सुंदर होती. पण तिथे कुणी नव्हतं.

ती हातांवर पडली, मग गुडघ्यावर. लगेच उठली आणि शेवटपर्यंत नाचली, तेही चांगलं. पण बॉक्समधलं बोट हनुवटीखालून निघालं होतं, आणि थोड्या वेळाने तिथे रिकामी खुर्ची होती.

मी मागच्या जिन्याने धावत खाली गेले. डायरेक्टर पॅसेजमध्ये मॅनेजरशी बोलत होता, ‘त्या जागेवर नवीन मुलगी बघा, वीसच्या आतली.’ मी म्हटलं, चूक माझी आहे. टाळी मी वाजवली. तिला बासरी ऐकू आली नाही.

त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. ‘बाई, तुमच्या टाळ्या आम्ही मोजत नाही. आणि आवाज झाला म्हणून जी अडकते तिला मी मुख्य भूमिका देऊ?’

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही. बाल्कनीतली रांगही गेली, पण त्याचं मला काही नाही.

मुलींच्या खोलीत आरशासमोर खारू एकटीच होती. बाकीच्या तिला एकटं सोडून बाहेर उभ्या होत्या. वहिनी दाराशी थर्मास घेऊन रडत होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. खारूचा एक बूट निघाला होता, दुसऱ्याच्या फितीची गाठ सुटत नव्हती. गुडघ्यावर रक्त होतं.

‘तू होतीस ना?’ ती म्हणाली.

‘हो.’

‘वचन दिलं होतंस.’ चिडलेली नव्हती, नुसती दमलेली. ‘जाऊ दे. हात आहेत, सवयीने उठणारच. मी टोळीला आत येऊच द्यायला नको होतं.’

‘सवयीने नाही उठले,’ मी म्हणाले. ‘खारू, ऐक. मला आवडलं म्हणून वाजवलं. इतकं सुंदर मी आजवर पाहिलेलं नाही. काम म्हणून नाही, तू माझी भाची म्हणून नाही. खरंच.’

तिने फीत सोडून दिली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘आत्या, तू नको ना.’

‘काय नको?’

‘बाकी सगळे बोलतात असं. आई बोलते, मुली बोलतात. पडले तरी छान, उभी राहिले तरी छान. एक तूच होतीस खरं सांगणारी. आज माझं सगळं गेलं, आणि तूही समजूत घालायला लागलीस? एवढं वाईट झालं का?’

‘अगं, समजूत नाही घालत मी...’

‘मग सांग ना नेहमीसारखं! कसं झालं?’

ती थांबली होती. हुंदका गिळून, हात मांडीवर घेऊन, मी काय म्हणते ते ऐकायला थांबली होती. मी खरं पुन्हा एकदा सांगून पाहिलं असतं. पण ज्या तोंडाने आयुष्यभर तिला कधी बरं म्हटलं नाही, त्या तोंडावर तिने आज का विश्वास ठेवावा? माझं कौतुक तिला दुखत होतं. जखमेवर लावायला माझ्याकडे एकच औषध होतं आणि त्याची सवय मीच तिला लावून ठेवलेली होती.

‘मान,’ मी म्हणाले.

‘मान?’

‘बासरीच्या वेळी. फार खाली गेली. आणि बाजूला कशाला कलती केलीस? तिथे मान ताठ लागते.’

तिने डोळे पुसले. चेहरा हळूहळू सैल झाला. ‘मलाही वाटलंच,’ ती म्हणाली. ‘कशी गेली कुणास ठाऊक. बसवताना नव्हती जात.’

आरशात बघून तिने मान सरळ केली. ‘अशी?’

‘अशी.’

‘परत कधी केलं तर अशीच ठेवीन.’

‘ठेव,’ मी म्हणाले, आणि खाली बसून तिच्या बुटाची गाठ सोडवायला घेतली.